वाट बघायला शिकलेली फ्लॉपी

"मॅडम, आजबी नाई झाले चालू," ललिता फोनवर म्हणाली. "बाराच्या बारा. पडद्यावर तीन टिंबं येते, अन् मंग गप."

धानोऱ्याच्या एसटीडी बूथवरून आलेला तिचा हा पाचवा फोन होता. मी चंद्रपुरात, इक्बालभाईंच्या दुकानात बसले होते. माझ्या पुढ्यात अगदी तसंच मशीन होतं, तीच फ्लॉपी, तेच नेटवर्क कार्ड. तासाभरात मी ते अकरा वेळा बंद-चालू केलं होतं आणि अकराही वेळा ते शहाण्यासारखं चालू झालं होतं.

"सर्व्हर चालू आहे?"

"हो ना. आत्ताच पाहून आली. हिरवा लाइट लुकलुक करून राह्यला."

"मग आता परत लावून बघ."

"आता लावलं तर होते, मॅडम. सकाळी नाई होत."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. सकाळी चालत नाही आणि दुपारी चालतं, असा दोष माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हता.

तेव्हा शतक नुकतंच बदललं होतं. इक्बालभाईंचं दुकान मुळात टाइपरायटर दुरुस्तीचं, त्यांच्या वडिलांपासूनचं. कम्प्युटर आले तशी त्यांनी पाटी बदलली, हत्यारांचा डबा मात्र तोच ठेवला. पॉलिटेक्निक झाल्यावर मी तिथे लागले. हार्डवेअर, नेटवर्किंग आणि चिडलेले ग्राहक माझ्याकडे. इक्बालभाईंकडे चहा आणि अनुभव.

धानोऱ्याच्या एका कॉलेजला बारा कम्प्युटर हवे होते. नवे परवडणारे नव्हते. इक्बालभाईंनी भद्रावतीकडच्या एका कारखान्याच्या लिलावातून बारा जुनी मशीनं उचलली, शिवाय तसंच एक दुकानात तपासायला. मशीनं ठणठणीत होती. फक्त गुप्ततेच्या कारणावरून कारखान्याने प्रत्येकाची हार्ड डिस्क काढून घेतली होती. कम्प्युटर जे काही लक्षात ठेवतो ते या हार्ड डिस्कवर. ती नसली की चालू केल्यावर मशीन काळा पडदा दाखवून बसून राहतं.

"भाई, ही तर बारा रिकामी डोकी आणलीत तुम्ही," मी म्हणाले.

"तो तू भर ना त्यात काही," ते म्हणाले. "इसीके वास्ते तो रखा तुले."

भरायचं कसं, तर नेटवर्कवरून. एकच चांगलं, नवं मशीन घ्यायचं, त्याला सर्व्हर म्हणायचं. सगळं सामान त्याच्यावर ठेवायचं आणि बाकी बारांनी चालू झाल्याझाल्या ते वायरीतून मागून घ्यायचं. याला नेटवर्क बूटिंग म्हणतात. आता मशीन चालू होताना सर्वांत आधी एक चिमुकला प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बूट लोडर म्हणतात. घरात एक माणूस पहाटे उठून बाकीच्यांना उठवतो ना, तेच काम. असा एक बूट लोडर फुकट मिळत होता आणि त्याची आतली सगळी लिखावट, म्हणजे सोर्स कोड, कुणालाही वाचायला आणि बदलायला खुली होती. अडचण एवढीच होती की त्याला फ्लॉपी वाचता येत होती, हार्ड डिस्क वाचता येत होती, नेटवर्क म्हणजे काय हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं.

ते मी त्याच्यात घातलं. एका वाक्यात लिहिलं, पण त्याला दोन महिने लागले. आमच्या कार्डाशी बोलणारा कोड दुसऱ्या एका खुल्या प्रोजेक्टमध्ये होता. तो उचलायचा, इथे बसवायचा, बसत नाही म्हणून तासायचा. आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जाऊन मेल बघायची. बूट लोडर सांभाळणारा गृहस्थ कुठल्यातरी थंड देशात राहायचा. चेहरा मी कधी पाहिला नाही. माझ्या कोडमध्ये ओळीच्या शेवटी स्पेस राहिली तरी तो परत पाठवायचा. पण शेवटी जमलं. तो बूट लोडर भरलेली फ्लॉपी घातली की मशीन वायरीत हाक मारायचं, "मी कोण आहे, कुणी सांगेल का?" सर्व्हर म्हणायचा, "तू सहा नंबर. हे घे तुझं सामान." पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी दुकानात टाळ्या वाजवल्या. इक्बालभाईंनी समोसे मागवले.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही सगळं धानोऱ्याला बसवलं. बारा मशीनं दोन ओळींत. कोपऱ्यातल्या टेबलावर सर्व्हर, आडव्या डब्याचा. त्याला मी पडदाही लावला नव्हता, लागतच नाही. वर प्लास्टिकचं झालरवालं कव्हर घातलं. लॅब सांभाळायला ललिता उसेंडी होती. गावचीच, बीए झालेली, मानधनावर नेमलेली. तिला मी बजावलं, "मेन स्विच दाबायचा, फ्लॉप्या घालायच्या, दोन मिनिटं थांबायचं. सर्व्हरकडे बघायचंसुद्धा नाही. तो आपला चालू असेल." ती मान हलवत होती. तिने काही विचारायला तोंड उघडलं तेव्हा मी म्हणाले, "ते टेक्निकल आहे, त्यात तू नको पडू."

हे वाक्य मला आजही टोचतं.

तिसऱ्या फोननंतर मी एकदा जाऊन आले होते. सकाळी साडेसहाची एसटी, मूलमार्गे गडचिरोली आणि मग जंगलातून धानोरा. पोचेपर्यंत बारा. लॅबमध्ये शिरले, मेन स्विच दाबला, बाराही मशीनं दोन मिनिटांत चालू झाली. ललिता खाली मान घालून उभी. मागे प्राचार्य वैरागडे सर, हाताची घडी घालून. ते गडचिरोलीहून रोज येणारे, टापटिपीचे, गोड बोलणारे गृहस्थ होते.

"दोष कशात आहे, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"मशीनमध्ये काहीच दोष नाही, सर," मी ऐटीत म्हणाले.

सरांनी ललिताकडे पाहिलं. "मग हिलाच जमत नाई बहुतेक," ते म्हणाले. दोनची परतीची एसटी होती. मी पळाले.

एसटीत मला थंडीची थिअरी सुचली. डिसेंबरात धानोऱ्याची सकाळ म्हणजे दात वाजतात. कार्ड गारठत असणार आणि ऊन चढल्यावर ताळ्यावर येत असणार. मी आठवडाभर बसून कार्डाला गरम व्हायला उसंत देणारा कोड लिहिला. खात्री करायला एक कार्ड रात्रभर इक्बालभाईंच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, डब्यात घालून, कोथिंबिरीशेजारी. त्यांच्या बायकोने सकाळी मला फोन करून हे कधी शिजवायचं ते विचारलं. कार्ड पुसून दुकानात लावलं. मशीन पहिल्या फटक्यात चालू झालं.

मी नवा कोड तरीही पाठवला. फोन तरीही आला.

इक्बालभाई हे सगळं चहा पीत बघत होते. "वंदना," ते म्हणाले, "टाइपरायटर अक्षर गाळते अशी तक्रार आली ना, की माझे वालिद मशीन नव्हते पाहत. पहिले टेबल पाहत होते. निम्म्या वेळेस टेबलच डुगडुगत राह्यचं."

"भाई, हे टाइपरायटर नाही," मी म्हणाले.

मग बुधवारी वैरागडे सरांचाच फोन आला. सरकारी संगणक परीक्षेचं केंद्र मागितलं होतं, त्याची तपासणी सोमवारी सकाळी दहाला ठरली होती. केंद्र मिळालं तर तालुक्यातल्या मुलामुलींना परीक्षेसाठी गडचिरोलीला जावं लागणार नव्हतं आणि लॅबला एक कायम जागा मिळणार होती. ती ललिताला देता आली असती. "पण मॅडम, मी आता सरळ बोलतो," सर म्हणाले. "सकाळची बॅच तीन आठवडे झाले बसूनच आहे. तुम्ही म्हणता मशीन चांगले. म्हणजे बाईलेच येत नाही. सोमवारसाठी गडचिरोलीहून दुसरा माणूस पाहून राह्यलो मी."

तिच्याविरुद्धची साक्ष माझीच होती.

गुरुवारी दुपारच्या गाडीने मी धानोऱ्याला गेले आणि ललिताच्या घरी मुक्काम केला. तिच्या आईने जेवायला वाढलं आणि विचारलं, "पोरीची नोकरी राह्यते ना, बाई?" मी हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही दोघींनी लॅब उघडली. मेन स्विच दाबला. बारा फ्लॉप्या. बारा पडद्यांवर तीन-तीन टिंबं आली, खाली 'सर्व्हर सापडला नाही' अशी इंग्रजी ओळ आली आणि सगळं थंड. ललिता खरं बोलत होती. पहिल्या फोनपासून खरंच बोलत होती.

मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले. कव्हर माझंच, झालरवालं, स्वच्छ धुतलेलं. ते उचललं. आत टाइपरायटर होता.

"ललिता, सर्व्हर कुठे आहे?"

"सरच्या कॅबिनमधी," ती म्हणाली, सूर्य कुठे आहे असं कुणी विचारावं तशा आवाजात. "दुसऱ्याच दिवशी नेला ना. चांगली वस्तू आली की पहिले सरच्याच कॅबिनमधी जाते. टीव्ही गेला, पृथ्वीचा गोल गेला. त्यायचा टाइपरायटर मंग इथी आणला. टेबल रिकामा दिसत होता म्हनून."

आता मला वायर दिसली. टेबलामागून ती भिंतीवर चढली होती आणि झरोक्यातून पलीकडे गेली होती. मी तिच्यामागे बाहेर गेले. कॅबिनला हे एवढं कुलूप. खिडकीतून पाहिलं. सरांच्या टेबलावर, उजव्या हाताला, सर्व्हर. खाली विणलेला रुमाल, वर फुलदाणी.

"किल्ली?"

"सरपाशी. परीक्षेचे कागद राह्यते ना आत. अकराला येते ते. आले की पहिले बटन दाबते, मंग खुर्चीवर बसते. जाताना बंद करते."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. इक्बालभाई टेबल बघ म्हणाले होते. दोन महिने कोड, एक आठवडा थंडी, एक रात्र फ्रिज. आणि मी ते कव्हर एकदाही उचललं नव्हतं.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. चिडूनच विचारलं.

"तुम्ही म्हनल्या होत्या, सर्व्हरकडे पाहाचं नाई," ती म्हणाली. "अन् फोनवर विचारलं, चालू आहे का. तर मी पाहून हो म्हनलं. बूथ बाराला खुलते, मॅडम."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. जे पहिल्याच दिवशी सांगायचं ते. मशीन कशी हाक मारतं, सर्व्हर कसं सामान देतो, तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर मशीन कसं नाद सोडतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तीनदाच काऊन?"

"म्हणजे?"

"आम्ही तेंदूपत्ता नेतो ना फडावर. पानाचे पुडे घेऊन बाया सकाळीच जाते. पुडे मोजणारा मुन्शी त्याच्या टायमानं येते, कधी आठ, कधी बारा. मुन्शी नाई दिसला म्हनून बाया तीनदा विचारून घरी जाते का? बसते सावलीत. घडीभरानं एक विचारते, आला का. मंग थोड्या वेळानं दुसरी. सगळ्या एकदम नाई ओरडत. मुन्शी आला की मोजणी चालू. हे मशीन काऊन घरी जाते?"

तीन हा आकडा मी लिहिला होता आणि का लिहिला होता तेही मला आठवत नव्हतं. सर्व्हर नेहमी चालू असतो, हे मी गृहीत धरलं होतं, कारण पुस्तकात तो चालू असतो.

अकराला सर आले. मी त्यांना सर्व्हर लॅबमध्ये परत न्यायची विनंती केली.

"सोमवारनंतर पाहू," ते म्हणाले. "तपासणी अधिकारी माझ्या कॅबिनमध्ये बसणार. तिथं कम्प्युटर दिसायला नको?"

"पण सर, लॅब यावरच चालते. सकाळी बंद पडते ती यामुळेच. ललिताची काही चूक नाही, माझी होती."

"असं?" ते म्हणाले आणि फुलदाणी जरा सरळ केली. "मग सोमवारी मी दहाच्या आत येतो. पण दुसऱ्या माणसाला हो म्हटलं आहे मॅडम, तो राहू द्या बाजूला. चाललं तर चाललं बाईचं."

म्हणजे अजून काहीच ठरलं नव्हतं. मी दोनच्या गाडीने परतले आणि शनिवारी दुकानात बसून बूट लोडर बदलला. तीनदा विचारून थांबायचं नाही, विचारत राहायचं. प्रत्येक वेळी थोडं जास्त थांबून विचारायचं. आणि प्रत्येक मशीनने आपापला वेळ चिठ्ठी काढल्यासारखा ठरवायचा, म्हणजे बारा जण एकदम ओरडणार नाहीत. दोन महिन्यांच्या कामाशेजारी हा बदल दिसतसुद्धा नव्हता, सगळा मिळून दोन ओळींचा. इक्बालभाईंनी बारा फ्लॉप्यांवर आपल्या सुवाच्य अक्षरात नंबर घातले. सायबर कॅफेतून मी तो बदल थंड देशातल्या गृहस्थालाही पाठवून दिला.

रविवारी परत धानोरा.

सोमवारी साडेनवालाच जीप आली. अधिकाऱ्यांना पुढे आणखी एक केंद्र बघायचं होतं म्हणून ते लवकर निघाले होते. सर आले नव्हते. कॅबिनला कुलूप. अधिकारी चहापाण्याच्या भानगडीत न पडता थेट लॅबमध्ये शिरले. गडचिरोलीहून आलेला तो दुसरा माणूस दाराशी उभा होता.

बारा पडदे काळे होते. एखाद्यावर मध्येच एक टिंब उमटायचं, मग पलीकडच्या ओळीत एक, मग बराच वेळ काही नाही.

"बंद आहे का सगळं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बंद नाई, सर," ललिता म्हणाली. "वाट पाहून राह्यले."

"कोणाची?"

"प्राचार्य सरांची."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन काहीतरी टेक्निकल बोलणार, एवढ्यात ललिताने खडू घेतला. फळ्यावर एक चौकोन काढला, बारा लहान चौकोन काढले आणि सांगायला लागली. हा सर्व्हर, या मशीनी. यायच्यात हार्ड डिस्क नाई. या विचारते, तो देते. तो नसला तर बसून राह्यते. सगळ्या एकदम नाई विचारत, नाईतर वायरीत गर्दी होते. मग तिने फडाचं, मुन्शीचं सांगितलं. अधिकारी पूर्वी कुठेतरी वनखात्याच्या गावात राहिलेले असावेत, ते हसायला लागले. मला दोन महिने जे नीट मांडता आलं नव्हतं ते तिने एका खडूत मांडलं.

पावणेदहाला सर आले, हातात झेंडूचा गुच्छ. "अरे, साहेब लॅबमध्ये? आधी कॅबिनमध्ये चला, चहा घेऊ."

"आधी तुमचं बटन दाबा, प्राचार्य," अधिकारी म्हणाले. "ही मंडळी केव्हाची खोळंबली आहेत."

सर गुच्छासकट पळाले. कुलूप उघडलं. बटन दाबलं. सर्व्हरला रोज सरळ बटनावरून झोपवलेलं, म्हणून उठल्यावर तो आधी आपली डिस्क तपासत बसला. नऊ मिनिटं. अधिकाऱ्यांनी चहा उभ्याने लॅबमध्येच घेतला. ललिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग मागच्या ओळीतलं आठ नंबरचं मशीन उठलं. मग तीन. मग अकरा. कुणी हात न लावता, एकेक करून बाराही पडद्यांवर उजेड आला. शेवटी चार नंबर, ते सगळ्यात आळशी निघालं.

"साहेब आल्यावर कामाला लागणारी ऑफिसं पुष्कळ पाहिली," अधिकारी म्हणाले. "पण साहेब येईस्तोवर घरी न गेलेलं हे पहिलंच."

केंद्र मिळालं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं की प्रयोगशाळेच्या बाईंना विषयाची उत्तम जाण आहे आणि मुख्य यंत्र प्रयोगशाळेतच ठेवावं. गडचिरोलीचा माणूस चहा पिऊन परत गेला. जूनमध्ये ललिताला कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. सर्व्हर कोपऱ्यात परत आला, टाइपरायटर कॅबिनमध्ये परत गेला, इक्बालभाईंनी स्वतः जाऊन त्याची रिबन बदलून दिली. सर त्यावर खूष होते. फुलदाणी टाइपरायटरवर बसत नव्हती, एवढीच त्यांची तक्रार.

म्हणजे माझ्या त्या दोन ओळींची धानोऱ्याला गरज मोजून एक सकाळ पडली.

थंड देशातल्या गृहस्थाचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. बदल ठीक आहे, पण कारण समजलं नाही. मशीनं चालू आणि सर्व्हर बंद, असं कुठे असतं? मी कळवलं: आमचा सर्व्हर अकरा वाजता ऑफिसला येतो. दोन दिवस काही उत्तर नाही. मग त्याने तो बदल घेतला, एका शब्दाचीही काटछाट न करता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

माझ्या धंद्यातला धडा एवढाच. कव्हर उचलून बघावं. आणि समोरचा माणूस सकाळी चालत नाही म्हणाला, तर सकाळी जाऊन बघावं.

त्या बूट लोडरच्या पुढच्या आवृत्त्या मग जगभर गेल्या. मी नंतर नागपूरला मोठ्या कंपनीत लागले. तिथल्या गारेगार खोलीत एकदा सर्व्हर उशिरा उठला आणि चाळीस मशीनं एकेक टिंब टाकत शांत उभी राहिली. शेजारचा इंजिनियर म्हणाला, काय सुंदर डिझाइन आहे, कुणी केलं असेल? मी ललिता उसेंडीचं नाव सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि कुठल्या युनिव्हर्सिटीत असते म्हणून विचारलं.